उद्यमनगरातील एसी मिस्त्री आणि आमची २०१२ ची ईको: थंड हवा, गरम हवा आणि तीन दिवसांचे काम

आमच्याकडे २०१२ सालची मारुती ईको आहे, पाच सीटची, एसी आणि हीटर असलेली. आम्ही गडहिंग्लजला राहतो. माझ्या वडिलांना, आबांना, दम्याचा जुना त्रास असल्यामुळे दर महिन्याला त्यांना कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावे लागते आणि वर्षातून चार-पाच वेळा आजरा, आंबोलीमार्गे सावंतवाडीला बहिणीकडे जाणे होते. धुळीच्या रस्त्यावर काचा उघड्या ठेवल्या की आबांना धाप लागते, म्हणून या गाडीतला एसी आमच्या दृष्टीने गरजेची वस्तू आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या दुकानाने हा एसी आणि त्याच्याबरोबर हीटरही पूर्ववत करून दिला, त्याच्याविषयी हे सविस्तर लिहीत आहे. दुकानाच्या पाटीवर नाव नाही. ‘कार एसी, हीटर, रेडिएटर’ एवढेच रंगवलेले आहे. लेथच्या दोन कारखान्यांमध्ये दाटून बसवलेला तो एक लांबट गाळा आहे. पन्नाशीच्या पुढचे एक मिस्त्री आणि त्यांचा भाचा असे दोघेच तिथे काम करतात.

आधीची हकिकत थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण तिच्यावाचून या दुकानाचे वेगळेपण कळणार नाही. दोन उन्हाळ्यांत आमच्या गाडीत तीन वेळा गॅस भरून झाला होता. प्रत्येक वेळी अठराशे रुपये दिले, आठ-पंधरा दिवस हवा गार लागली आणि पुन्हा पूर्वीचेच सुरू झाले: गाडी महामार्गावर धावत असेपर्यंत गारवा टिकायचा, पण गावात शिरून सिग्नलला किंवा रेल्वे फाटकावर थांबलो की पंधरा-वीस मिनिटांत झडपांतून कोमट वारा येऊ लागायचा. तिसऱ्या वेळी त्या गॅरेजने निदान केले की कंप्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) प्रेशर करत नाही, नवा बसवावा लागेल आणि बावीस हजार रुपये खर्च येईल. या निदानासाठी त्यांनी काय तपासले, असे विचारल्यावर पाइपला हात लावून पाहिले, असे उत्तर मिळाले. बारा वर्षांच्या गाडीवर बावीस हजार घालायचे की नाही, हा विचार करत असताना एका सहकाऱ्याने उद्यमनगरातील या गाळ्याचा पत्ता दिला.

मे २०२४ मध्ये मी तिथे गेलो. मिस्त्रींनी पहिल्या दहा मिनिटांत गाडीला हातच लावला नाही. त्रास नेमका केव्हा होतो, गाडी चालताना की उभी असताना, सकाळी की दुपारी, एसी बंद पडताना इंजिनाचा आवाज हलका होतो का, शेवटचा गॅस कधी भरला आणि तो वजन करून भरला की अंदाजाने, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरे एका वहीत टिपून घेतली. नंतर त्यांनी मला अनपेक्षित असा प्रश्न केला: “हीटर चालतोय का?” मी सांगितले की हीटर दोन वर्षांपासून गरम होत नाही, पण कोल्हापुरात हीटरची गरज कोणाला पडते म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. त्यावर ते म्हणाले, “सर, आंबोलीच्या घाटात काच धरत असंल की मग.” ते खरे होते. पावसाळ्यात आंबोलीत आमच्या समोरच्या काचेवर आतून इतकी वाफ धरायची की पत्नीला शेजारी बसून सतत फडक्याने काच पुसत राहावी लागे.

तपासणीचे पाचशे रुपये वेगळे घेतले जातात, काम तिथे करून घेतले तरी आणि नाही घेतले तरी. सुरुवातीला मला हे खटकले. पण पुढच्या दोन तासांत त्यांनी जे केले ते पाहिल्यावर, माझ्या मते याच पाचशे रुपयांचे मोल सगळ्यात जास्त आहे.

पहिल्यांदा गाडी बंद असताना त्यांनी एसीच्या पाइपांच्या जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या अशा दोन्ही बाजूंना दाब मोजणारे गेज जोडले. गाडी बऱ्याच वेळापासून सावलीत उभी होती. काटा ९७-९८ पौंडांच्या (म्हणजे दर चौरस इंचावरच्या पौंडांच्या) आसपास होता. आधीच्या गॅरेजमध्येही असाच आकडा दाखवून ‘गॅस भरपूर आहे’ असे मला सांगण्यात आले होते. मिस्त्रींनी समजावून सांगितले की आर-१३४ए हा गॅस बंद यंत्रणेत द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत असतो आणि ३० अंश तापमानाला त्याचा दाब सुमारे तेवढाच भरतो. आत दोनशे ग्रॅम गॅस असो की पाचशे ग्रॅम, थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी बंद गाडीत काटा तेच दाखवणार. म्हणजे या आकड्यावरून गॅस अजिबात नाही असे नव्हे, एवढेच कळते. किती आहे हे कळत नाही. ते ठरवायचे असेल तर गॅस बाहेर काढून त्याचे वजन करावे लागते किंवा गाडी चालू करून दोन्ही दाब आणि झडपेतल्या हवेचे तापमान एकत्र पाहावे लागते.

गाडी चालू केल्यावर चित्र बदलले. बाहेर ३५ अंश तापमान होते. अशा हवेत जास्त दाबाची बाजू सव्वादोनशे ते अडीचशे पौंडांपर्यंत आणि कमी दाबाची तीस-चाळीसच्या दरम्यान असावी, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. आमच्या गाडीत उभ्या जागी वरचा काटा तीनशेच्या पुढे गेला, तिथून हळूहळू चढत चारशेच्या पलीकडे सरकला आणि खट् असा आवाज होऊन कंप्रेसर थांबला. दाब धोक्याच्या पातळीला पोहोचल्यामुळे प्रेशर स्विचने त्याला बंद केले होते. कंप्रेसर प्रेशर करत नाही या निदानाच्या हे अगदी उलट होते. जो कंप्रेसर चारशे पौंड दाब निर्माण करतो, त्याला निकामी म्हणता येत नाही.

मग भाच्याने समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरसारख्या भागावर, साध्या पाण्याचा फवारा मारला. काही सेकंदांत वरचा काटा शंभरेक पौंडांनी खाली आला आणि झडपेतून गार हवा येऊ लागली. या एका चाचणीने निम्मे निदान झाले. कंडेन्सरवर पाणी मारताच यंत्रणा सुधारत असेल, तर कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाही हे उघड असते, आणि त्याची कारणे मोजकीच असतात: पंखा मंद फिरणे, जाळी तुंबणे, गॅस प्रमाणापेक्षा जास्त असणे किंवा यंत्रणेत हवा शिरलेली असणे. गाडी धावत असताना समोरून वारा लागतो, म्हणून त्रास लपतो. गाडी उभी राहिली की सगळा भार पंख्यावर येतो. सिग्नलला थांबल्यावरच आमची हवा कोमट का होत होती, याचा दोन वर्षांत पहिल्यांदाच उलगडा झाला.

पुढचा बंपर उतरवल्यावर जे दिसले ते आमच्या भागातल्या प्रत्येक गाडीमालकाने एकदा पाहावे असे आहे. कंडेन्सर समोरून बरा दिसत होता, पण त्याच्या आणि मागच्या रेडिएटरच्या मधल्या फटीत उसाच्या पाचटाचे तूस, रस्त्याची लाल धूळ आणि मेलेले किडे यांचा गोधडीसारखा थर जमला होता. गळीत हंगामात आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मैलोन्‌मैल गाडी चालवावी लागते. उडणारे पाचट जाळीतून आत जाते आणि दोन जाळ्यांच्या मध्ये अडकते. बाहेरून पाइप मारून गाडी धुतली की ते आणखी आत दबते. मिस्त्रींनी दोन्ही भाग सैल करून मागून पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने तो थर काढला. धुलाई केंद्रातल्या जोरदार फवाऱ्याने ॲल्युमिनियमची पाती लवतात आणि हवेची वाट कायमची अडते, म्हणून तिथे हे काम करू देऊ नका, असे त्यांनी बजावले.

त्यानंतर त्यांनी मशीन लावून आतला गॅस परत काढून घेतला. मला हे विशेष आवडले. अनेक ठिकाणी व्हॉल्व्ह दाबून गॅस हवेत सोडून देतात. आर-१३४ए ने ओझोनच्या थराला धोका नसला तरी वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. या दुकानातील मशीन जुने आहे, पण ते निघालेल्या गॅसचे वजनही दाखवते. गाडीवरच्या लेबलाप्रमाणे जेवढा हवा होता, त्यापेक्षा जवळजवळ दीडशे ग्रॅम जास्त गॅस निघाला. शेवटचा गॅस भरून दहाच दिवस झाले होते. म्हणजे ‘गार होत नाही’ म्हणून प्रत्येक वेळी जास्त गॅस कोंबला गेला होता, आणि तुंबलेल्या कंडेन्सरवर त्यामुळे आणखी ताण येत होता.

अर्थात तीन वेळा गॅस कमी झाला होता हेही खरे होते. त्याविषयी मिस्त्रींचे एक वाक्य मी वहीत लिहून घेतले आहे: “गॅस काय पेट्रोलसारखा जळत न्हाई, सर. कमी झाला म्हंजे कुठंतरी वाट काढलीय त्यानं.” ती वाट शोधण्यासाठी त्यांनी रिकाम्या यंत्रणेत नायट्रोजन भरला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले. दोन ठिकाणी बुडबुडे आले. एक, ज्या तोंडातून गॅस भरतात तिथल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये, आणि दुसरे, कंडेन्सरला जोडलेल्या पाइपच्या सांध्यातील रबरी रिंगेत, जी बारा वर्षांत कडक होऊन चपटी झाली होती. व्हॉल्व्ह आणि चार नव्या ओ-रिंगा मिळून एकूण दीडशे रुपये लागले. गळती न शोधता गॅस भरण्यात आमचे याआधी ५४०० रुपये गेले होते.

गळती मिटल्यावर व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवला, मग गेज बंद करून आणखी वीस मिनिटे काटा हलतो का ते पाहिले. या टप्प्याला अनेक जण फाटा देतात. आतली हवा आणि दमटपणा काढून टाकणे हा त्याचा हेतू असतो: दाब पुरेसा उतरवला की पाणी साध्या तापमानालाही उकळून वाफ होते आणि पंपाबरोबर बाहेर पडते. ते आत राहिले तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (ज्या बारीक तोंडातून गॅस कमी दाबाच्या बाजूला सोडला जातो) बर्फ होऊन वाट अडवते, आणि तेलाशी मिसळून हळूहळू आम्ल तयार करते. कंप्रेसरचे तेल हवेतील ओलावा फार चटकन शोषते, म्हणून त्याचा डबा ते उघडा ठेवत नाहीत. शेवटी तराजूवर वजन करून, लेबलाप्रमाणे गॅस भरला.

एवढ्यावर काम संपले असते तर ते एक चांगले दुकान ठरले असते. पण मिस्त्रींनी गाडी सोडली नाही. इंजिन चालू ठेवून, एसी लावून, ती गाळ्याबाहेर उन्हात उभी केली आणि झडपेत थर्मामीटर खोचला. सुरुवातीला ९ अंशांची छान हवा आली. साधारण चाळीस मिनिटांनी तापमान चढू लागले आणि १८ च्या पुढे गेले. या वेळी गेजचे बोलणे वेगळे होते: वरचा दाब उतरत होता, खालचा चढत होता, दोन्ही काटे एकमेकांकडे येत होते. दाब वाढून स्विचने तोडलेले नव्हते. कंप्रेसर फिरतच नव्हता. पुढची सीट उचलून (ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते) पाहिले, तर पट्ट्यावरची पुली फिरत होती, पण तिच्या पुढची क्लचची, म्हणजे पुलीला चिकटून कंप्रेसर फिरवणारी, प्लेट स्थिर होती. क्लचच्या वायरीत मीटर लावला, वीज पूर्ण येत होती.

मग त्यांनी इंजिन बंद करून, कंप्रेसर गरम असतानाच, फीलर गेजच्या पात्यांनी क्लचची प्लेट आणि पुली यांच्यातील फट मोजली. ती ०.९ मिलिमीटर भरली; साधारणपणे ती ०.३ ते ०.६ च्या दरम्यान हवी. वर्षानुवर्षे घासून प्लेट झिजते आणि फट वाढत जाते. इंजिन थंड असताना क्लचचे विद्युतचुंबक तेवढे अंतर ओलांडून प्लेट ओढून घेते. गुंडाळी तापली की तिचा विरोध वाढतो, प्रवाह कमी होतो, ओढ क्षीण होते आणि एकदा सुटलेली प्लेट पुन्हा चिकटत नाही. गाडी थोडा वेळ बंद ठेवली की सगळे थंड होऊन एसी पुन्हा चालू लागतो, त्यामुळे गॅरेजमध्ये नेल्यावर दोष सापडत नाही. मिस्त्रींनी प्लेट खोलून तिच्यामागच्या पातळ चकत्यांपैकी एक काढली, फट ०.५ मिलिमीटरवर आणली आणि पुन्हा तासभर गाडी उन्हात चालवली. तापमान ९ अंशांवर टिकले. या कामाची मजुरी सातशे रुपये झाली. बावीस हजारांचा कंप्रेसर ज्या दोषासाठी बदलायला सांगितला होता, त्याचा अर्धा भाग पाचटात होता आणि उरलेला अर्धा या चकतीत.

दुसऱ्या दिवशी हीटरचे काम झाले, आणि ते मला एसीपेक्षाही शिकवून गेले. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो. इंजिन गरम झाल्यावर मिस्त्रींनी हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहायला मला सांगितले. त्यांचा हिशेब साधा आहे: एक पाइप कढत आणि दुसरा गार असेल तर आतली जाळी तुंबली आहे, दोन्ही कढत असून हवा गार येत असेल तर लिव्हरची केबल निसटली आहे किंवा हवेचा पडदा अडकला आहे, आणि दोन्ही नुसतेच कोमट असतील तर इंजिनच पुरेसे तापत नाही. आमचे दोन्ही कोमट होते, त्यातही परतीचा पाइप जरा जास्तच गार होता.

थर्मोस्टॅटचे घर उघडले तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. मला एकदम आठवले: दोन वर्षांपूर्वी निपाणीजवळ गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजने काहीतरी ‘काढून टाकले’ होते आणि आता गाडी कधी तापणार नाही अशी हमी दिली होती. थर्मोस्टॅट हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा असतो. इंजिन साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेतो तो बंद राहतो आणि मग उघडतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत राहते, इंजिन योग्य तापमानाला येत नाही, हीटर कोमट राहतो आणि इंजिन अजून थंड आहे असे समजून पेट्रोलही जास्त सोडले जाते. आणि त्या वेळी गाडी तापली कशामुळे? रेडिएटरसमोरच्या त्याच पाचटामुळे. म्हणजे तुसाच्या एका थराने आधी इंजिन तापले, त्यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट गेला, थर्मोस्टॅट गेला म्हणून हीटर गेला, हीटर गेला म्हणून घाटात काच दिसेना. आणि त्याच थराने एसीचा दाब वाढून गार हवा गेली. दोन वर्षांत तीन गॅरेजांनी या साखळीतली एकेक कडी पाहिली. पूर्ण साखळी या मिस्त्रींनी माझ्यासमोर कागदावर काढून दाखवली.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी त्यांच्या भाच्याने तो शेजारच्या चहाच्या टपरीवर नेला, पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून सोडला आणि थर्मामीटर घेऊन, त्यावर छापलेल्या अंशाला तो उघडतो की नाही ते पाहिले. नवी वस्तूही तपासून बसवायची ही रीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. हीटरच्या जाळीत नळाच्या पाण्याचा गाळ आणि गंज साचला होता, कारण मधल्या काळात रेडिएटरमध्ये आम्ही स्वतःच साधे पाणी ओतत आलो होतो. उलट दिशेने, हलक्या दाबाने पाणी सोडून ती स्वच्छ केली; पहिली बादली चहासारखी तांबूस निघाली, पाचवी नितळ. मग कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि शुद्ध केलेले पाणी समप्रमाणात मिसळून भरले.

ईकोमध्ये कुलंट भरणे हे दिसते तेवढे सोपे नाही, हेही तिथेच कळले. इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे, हीटर डॅशबोर्डमध्ये, त्यामुळे पाइप लांब आहेत आणि वाटेत हवा अडकून राहते. त्यांनी गाडीचे तोंड उतारावर वर करून, हीटरचा लिव्हर पूर्ण गरमकडे सरकवून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थोडे थोडे कुलंट घालत राहिले. डॅशबोर्डमधून गुळगुळ आवाज येत असेल तर हवा आत आहे असे समजावे. घरी हे करू पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडायचे नाही. वाफेने चेहरा भाजतो.

जाता जाता त्यांनी आणखी एक भेद सांगितला, जो जुन्या गाडीच्या मालकांना उपयोगी पडेल. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणे हे चांगले लक्षण आहे. हवेतला दमटपणा हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर धरून तो बाहेर पडत असतो. तेच पाणी आतल्या मॅटवर आले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. पण मॅटवरचा ओलावा चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर बसत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. आमच्या गाडीची निचऱ्याची नळी त्यांनी मोकळी केली, त्यासाठी वेगळे पैसे लावले नाहीत. एसी लावल्यावर येणारा कुबट वास, ज्याने आबांना हमखास खोकला येई, त्यानंतर आठवड्याभरात गेला.

एकूण खर्च असा झाला: तपासणी ५००, गॅस काढणे, व्हॅक्यूम आणि भरणे १८००, व्हॉल्व्ह व ओ-रिंगा १५०, क्लच ७००, कंडेन्सरची सफाई ४००; हीटरसाठी थर्मोस्टॅट व गॅस्केट ६५०, कुलंट ९००, सफाई आणि मजुरी ८००. सगळे मिळून ५९०० रुपये. काढलेले जुने भाग एका पिशवीत घालून त्यांनी न मागता माझ्या हाती दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. दीड दिवसाचे काम सांगून तीन दिवस लागले, आणि मला गडहिंग्लजहून दोनदा जास्तीचे हेलपाटे पडले. गाळ्यात बसायला जागा नाही; वयस्कर माणसाला सोबत नेऊ नये. फोन सहसा उचलला जात नाही. छापील बिल मिळत नाही, वहीचे पान फाडून आकडे लिहून देतात, त्यामुळे ज्यांना कार्यालयात खर्च दाखवायचा आहे त्यांची अडचण होईल. गॅसची हमी तीन महिन्यांची आणि तीही तोंडी. घरी परतल्यावर चौथ्या दिवशी हीटरच्या पाइपच्या एका क्लिपजवळ कुलंटचे थेंब दिसले. पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी क्लिप ताबडतोब बदलून दिली आणि पैसे घेतले नाहीत, पण कोल्हापूरची आणखी एक फेरी झालीच. डॅशबोर्ड पूर्ण उतरवून कूलिंग कॉइल बदलण्याचे काम ते घेत नाहीत, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

दुकानाकडून नव्हे, पण गाडीकडून काय अपेक्षा ठेवावी हेही स्पष्ट करतो. ईकोचे छत पातळ आहे, काचा मोठ्या आहेत आणि मागच्या सीटसाठी वेगळ्या झडपा नाहीत. दुरुस्तीनंतरही भर दुपारी मागच्या माणसाला गारवा लागायला पंधरा मिनिटे जातात. पहिली दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून कोंडलेली गरम हवा घालवावी आणि मग आतलीच हवा फिरवणारा लिव्हर लावावा. याने बराच फरक पडतो.

जुलैमध्ये आम्ही सावंतवाडीला गेलो. आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, आणि त्या दिवशी ढग रस्त्यावर उतरले होते. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे एसी आणि हीटर दोन्ही एकाच वेळी लावले, हवेचा झोत काचेकडे वळवला आणि बाहेरची हवा आत घेणारा लिव्हर उघडा ठेवला. कूलिंग कॉइलवर हवेतला ओलावा गळून पडतो, हीटर तीच कोरडी हवा तापवतो आणि ती काचेवरची वाफ शोषून घेते. नुसत्या एसीने काच गार पडून बाहेरून वाफ धरते, नुसत्या हीटरने आतला दमटपणा तसाच राहतो. घाटात दोन्ही लागतात. तीन-चार मिनिटांत काच तळापासून वरपर्यंत स्वच्छ झाली. पत्नीच्या मांडीवरचे फडके संपूर्ण घाट उतरेपर्यंत घडीचे घडीच राहिले, आणि आबा बाहेर बघत बसले.

त्यानंतर मे २०२५ मध्ये त्याच गाळ्यात फक्त तपासणीसाठी गेलो. गॅस भरावा लागला नाही, झडपेतले तापमान ९ ते १० अंश होते आणि कंडेन्सरमागे नव्या हंगामाचे थोडे पाचट जमले होते, ते काढले. या वेळी पाचशे रुपये लागले. ज्यांना जायचे आहे त्यांनी सकाळी नवाच्या आत पोहोचावे, आधीच्या गॅरेजच्या पावत्या बरोबर न्याव्यात आणि त्रास गाडी चालताना होतो की उभी असताना, हे दोन-चार दिवस आधीपासून नीट टिपून ठेवावे. मिस्त्री सगळ्यात आधी तेच विचारतात.